बोअर ७६ आला आणि आजोबा खिडकीबाहेर बघायला लागले

आधीच सांगतो, मी रेसर बिसर काय नाही. कोल्हापूरचा. उद्यमनगरात आण्णांचं दोन लेथचं वर्कशॉप, शाळा सुटली की दप्तर टाकून तिथंच, त्यामुळं कटिंग ऑइलचा वास आला की मला अजून घरी आल्यासारखं वाटतं. पुढं इंजिनिअरिंग, पुण्यात आठ वर्षं, आणि मग नोकरीनं उचलून फ्रान्समधे क्लेरमाँ-फेराँला आणून टाकलं. मिशलॅं टायरवाल्यांचं गाव. बाजूला विझलेले ज्वालामुखी, मधोमध काळ्या दगडाचं भलंमोठं चर्च, आणि रविवारी सगळं एवढं बंद की घरातली चहापत्ती संपली तर सोमवारपर्यंत गप कॉफी प्यायची.

आमच्या बिल्डिंगला लागून एक जुनं घर आहे, तिथं एक आजोबा एकटे राहतात. वय ७६, आयुष्यभर मेकॅनिक. पहिल्या वर्षी फक्त बोंजूर बोंजूर. मग एकदा त्यांच्या गॅरेजचं शटर अर्धं उघडं होतं आणि आतनं पेट्रोल आणि जुन्या तेलाचा तो वास आला, मी आपोआप वाकून आत बघितलं. ताडपत्रीखाली निळ्या गाडीचं एक टोक दिसत होतं. आजोबा म्हणाले, बघतोस काय, ये आत. तिथनं सुरू झालं सगळं. तिसऱ्या दिवशी म्हणाले मला 'व्हू' नको म्हणू, 'त्यू' म्हण, म्हणजे आपलं अरे-तुरे. आता ७६ वर्षांच्या माणसाला अरे-तुरे करायला माझी जीभ वळत नाही, कोल्हापुरात सणसणीत खाल्ली असती. त्यामुळं ते मला अरे आणि मी त्यांना अहो, असं आजतागायत चालू आहे.

तर गाडी. रेनो ८ गोर्दिनी, १३०० वाली. लांबनं बघितली तर आपल्या पद्मिनीची चुलत बहीण वाटावी, चौकोनी डबा, चार दारं. फक्त पुढं ग्रिल नाही, कारण इंजिन मागं डिकीत आणि डिकी पुढं. निळा रंग, आणि ड्रायव्हरच्या बाजूनं टोकापासून टोकापर्यंत दोन पांढरे पट्टे, मधोमध नाही, एका अंगाला. मी पहिल्यांदा म्हटलं हे पट्टे चुकून तिकडं गेलेत काय, तर आजोबांनी माझ्याकडं असं बघितलं की तो विषय मी परत काढला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. साधी रेनो ८ आली १९६२ ला, तेव्हाच तिला चारी चाकांना डिस्क ब्रेक होते, एवढ्याशा फॅमिली गाडीला. आमच्या घरच्या पद्मिनीला शेवटपर्यंत ड्रम होते आणि पन्हाळ्याच्या उतारावर आण्णा गिअरवरच गाडी धरायचे, ते आठवलं. मग अमेदे गोर्दिनी म्हणून एक माणूस, जन्मानं इटालियन, फ्रान्समधे त्याला 'जादूगार' म्हणायचे, त्यानं हे इंजिन हातात घेतलं, वर नवीन हेड (सिलिंडरवरचं झाकण) बसवलं, आणि १९६४ ला गोर्दिनी व्हर्जन आलं. त्याच साली कॉर्सिका बेटावरची रॅली मारली, जिथं सरळ रस्ताच नाही, नुसती वळणं. ६५ ला परत मारली, ६६ ला परत. पहिली १११० सीसीच्या आसपासची, नेमकं बोलायचं तर ११०८, पद्मिनीचं १०८९, म्हणजे १९ सीसीचा फरक आणि ताकद दुपटीच्या वर! मग १३०० आली, खरं १२५५ सीसी, दोन वेबर कार्ब (हवा-पेट्रोल मिसळणारे कार्बोरेटर), पाच गिअर, पुढं चार दिवे. १९६६ पासून कूप गोर्दिनी म्हणून ह्याच गाड्यांची शर्यत सुरू झाली, खिशात फार पैसे नसलेल्या पोरांनी गाडी घ्यायची, आठवडाभर कामावर न्यायची आणि रविवारी तीच पळवायची. जाबुई नावाचा ड्रायव्हर त्यातनंच वर आला, ज्यानं पुढं १९७९ ला दिजाँला रेनोची टर्बो फॉर्म्युला वन जिंकून दिली.

आजोबांनी ही गाडी १९८१ ला सेकंडहँड घेतली. तेव्हा ती कुणाला नकोच होती म्हणे, जुनी खटारा. पाच-सहा वर्षं घाटातल्या शर्यती केल्या, इथं त्याला कूर्स द कोत म्हणतात, एकेक गाडी खालनं सोडायची आणि वर घड्याळ. मग लग्न, पोरं, घर, गाडी ताडपत्रीखाली. आता पोरं पॅरिसला, बायको गेली, आणि ह्यांच्या डोक्यात बसलं की शाराद सर्किटवर हिस्टॉरिक, म्हणजे जुन्या गाड्यांच्या, रेसमधे एकदा तरी उतरायचं. शाराद आमच्या घरापासनं अर्ध्या तासावर. १९६५ ला तिथं फ्रेंच ग्राँ प्री झाली, जिम क्लार्क जिंकला, तेव्हा आजोबा १६ वर्षांचे, डोंगरावर एका दगडावर बसून बघितलेली. ही गोष्ट मी आत्तापर्यंत वीस वेळा ऐकली असेल आणि दर वेळी दगड थोडा रस्त्याच्या जवळ येतोय.

आता हिस्टॉरिक रेसमधे उतरायचं म्हणजे गाडीला पासपोर्ट लागतो. खरंच पासपोर्ट. पे-ते-आश म्हणतात, ऐतिहासिक टेक्निकल पासपोर्ट, एफआयए ह्या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमावर चालतो, ज्याला अपेंडिक्स के म्हणतात. त्यात गाड्यांचे काळ पाडलेत, आमची १९६६ ते १९६९ मधे येते, जी-१. मुद्दा असा की त्या काळात त्या मॉडेलला जे होतं, किंवा जे वापरल्याचा पुरावा आहे, तेवढंच चालतं. पासपोर्ट म्हणजे गाडी अस्सल आहे ह्याचा दाखला नाही बरं का, हा घोळ लई जण करतात, तो फक्त सांगतो की गाडी त्या स्पेसिफिकेशनप्रमाणे आहे. फॉर्म म्हणजे एक जाडजूड फाइलच. बोअर (सिलिंडरचा व्यास), स्ट्रोक (पिस्टन किती मिलीमीटर वरखाली जातो ते), व्हॉल्व्ह, कार्ब, गिअर रेशो, ब्रेक, चाकाची रुंदी, सगळ्याचे आकडे आणि सगळ्याचे फोटो. सातबारा, फेरफार आणि मोजणी नकाशा एकत्र केल्यासारखं.

मला वाटलं आपण रेसची गाडी तयार करणार म्हणजे ती फास्ट करणार. तीन महिने आम्ही नेमकं उलटं केलं. नंतरच्या इतक्या वर्षांत आजोबांनी (आणि त्यांच्या आधीच्या मालकानं) जे जे 'सुधारलं' होतं ते एकेक शोधून काढायचं आणि जुनं परत लावायचं. इलेक्ट्रॉनिक इग्निशन काढा, पॉइंट (ठिणगीसाठी उघडमीट करणारे जुने संपर्क) लावा. फायबरचं पुढचं बॉनेट काढा, पत्र्याचं आणा. दरवाजातल्या प्लास्टिकच्या काचा काढा. शॉक ॲब्सॉर्बर बघून तर तपासणीला येण्याआधीच मी म्हटलं हे नव्वदीतले दिसतायत, आजोबा म्हणाले 'रंग मारू काळा', म्हटलं अहो नको.

पॉइंटचा एक किस्सा सांगतो. गॅप सेट करायला मी फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) शोधत होतो तर आजोबांनी पाकिटातनं पॅरिस मेट्रोचं एक पिवळं पडलेलं जुनं तिकीट काढलं, पॉइंटच्या मधे सरकवलं, थोडं अडखळत बाहेर आलं, म्हणाले झालं. आण्णा पोस्टकार्डानं करायचे! डिट्टो हेच, तसंच अडखळत बाहेर यायला पाहिजे. मी नंतर फीलर गेजनं मोजलं आणि बरोबरच होतं, पण ते मी आजोबांना सांगितलं नाही, उगाच चढतात.

खरी मजा इंजिनात होती.

फॉर्ममधे बोअर आणि स्ट्रोकचे रकाने होते. आजोबा म्हणाले, लिही ७४.५ आणि ७२, पुस्तकात आहे. आता मी उद्यमनगरात वाढलेला, मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही हे डोक्यात लहानपणीच ठोकून बसवलेलं, आणि तसंही तीन नंबरच्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी होतं, हेड उघडायचंच होतं. आजोबा दोन आठवडे टाळत होते. आज थंडी आहे, आज गॅस्केट नाही, आज पाठ दुखतीय. शेवटी एका शनिवारी मी नट सोडायलाच सुरुवात केली. ब्लॉकवर इंजिन नंबरची पट्टी असते ती जागा तेवढ्यात पुसली, तर पट्टीच नाही, दोन रिव्हेटची भोकं फक्त. तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

हेड उचललं. व्हर्निअर घातला. ७६.०. परत घातला, आडवा उभा दोन्ही, ७६.०. चारही सिलिंडर तेच. मी म्हटलं, आजोबा, तुमच्या वयाएवढा बोअर आलाय. आजोबा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर काही नव्हतं, शेजारणीचं मांजर होतं.

मी क्रँक फिरवून पिस्टन खालनं वर डेप्थ गेजनं मोजला. ७७.

संध्याकाळचे पाच वाजलेले, म्हणजे कोल्हापुरात साडेनऊ, आण्णा जेवून टीव्हीपुढं. व्हिडिओ कॉल लावला, फोन सिलिंडरवर धरला.

'बोअर किती आला?'
'७६.'
'स्ट्रोक?'
'७७.'
आण्णांनी कॅल्क्युलेटर घेतला नाही, डोळे मिटले. 'चौदाशेला दोन-तीन कमी. तू म्हणत होतास साडेबाराशेचं हाय.'
'१२५५.'
'मग ह्यो तुझा म्हातारा तुला गंडवालाय लेका. पोटातलं इंजिनच दुसऱ्याचं हाय.'

१३९७ सीसी. मराठी आजोबांना कळलं नाही पण सूर कळला असणार, कारण कॉल ठेवल्यावर त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. १९८६ ला एका घाटाच्या शर्यतीत चौथ्यातनं तिसऱ्यात टाकायच्या ऐवजी गिअर पहिल्यात गेला, इंजिन किंचाळलं, एक व्हॉल्व्ह पिस्टनला जाऊन भेटला. दुरुस्तीला पैसे नव्हते. भंगारात एक ठोकलेली रेनो ५ अल्पीन मिळाली, सत्तरीतल्या शेवटाची, तिचं इंजिन ह्याच घराण्यातलं, क्लेओं कारखान्याचं, गोर्दिनीसारखंच दोन्हीकडनं श्वास घेणारं हेड, गिअरबॉक्सला बसतं. ते टाकलं, वर स्वतःचे दोन वेबर बसवले आणि कुणाला बोलले नाहीत. सगळ्यांना वाटायचं गोर्दिनी काय पळतीय!

'मग फॉर्मवर ७२ लिही का म्हणालात?'
'तपासणारा उघडून बघतोय का ते बघायचं होतं.'

सही माझी पण नव्हती, त्यांचीच होती, पण तरी मी जाम वैतागलो. आठवडाभर गेलो नाही तिकडं. मग एका संध्याकाळी त्यांनीच दार वाजवलं, हातात सफरचंदाच्या मुरंब्याची बाटली, म्हणाले चल तळघरात काहीतरी दाखवतो. तळघरात सफरचंदांच्या क्रेट एकावर एक, त्या बाजूला केल्या, खाली एक घोंगडी, घोंगडीखाली १२५५ चा ब्लॉक. त्याच जागेवर १९८६ पासनं. बाजूला हेड, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, आणि बिस्किटाच्या डब्यात रॉकर, पुशरॉड, सगळं क्रमानं दोऱ्यात ओवलेलं. फेकून दिलं नव्हतं काहीच. मी तिथंच खाली बसलो.

आता ह्या इंजिनाची एक चांगली गोष्ट आहे, लायनर वेट असतात, म्हणजे सिलिंडर ब्लॉकमधे ओतलेला नसतो, वेगळी नळी आत बसवलेली असते आणि तिच्या बाहेरनं थेट पाणी फिरतं. एक सिलिंडर खराब झाला म्हणून ब्लॉक फेकायची किंवा बोअरिंग करायची गरज नाही, नळ्या बाहेर काढा, नव्या नळ्या नवे पिस्टन टाका. क्रँक मशीन शॉपला देऊन तपासली, ठीक निघाली, फक्त जर्नल पॉलिश. एक कनेक्टिंग रॉड वाकलेला, तो बदलला. हेडवर एक व्हॉल्व्ह सीट नवी. लायनर-पिस्टनचा सेट ऑर्डर केला आणि त्याची किंमत मी बायकोला अजून नीट सांगितलेली नाही (अर्धी आजोबांची, अर्धी माझी, मीच हट्टानं दिली, कारण मला पण चालवायला मिळणार होती).

इथं मी माती खाल्ली. लायनर बसवताना बुडाला एक पातळ सील येतं, वेगवेगळ्या जाडीची मिळतात, निळी लाल हिरवी खूण असते. गणित असं की लायनर ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापेक्षा अगदी किंचित वर राहिला पाहिजे, कागदाच्या जाडीएवढा, आणि चारही सारखे, म्हणजे हेड आवळलं की ते लायनरला दाबून धरतं, वरनं गॅस बाहेर जात नाही आणि खालनं पाणी तेलात येत नाही. त्यासाठी ब्लॉकमधली बुडाची बैठक आरशासारखी साफ पाहिजे, आणि चाळीस वर्षं तळघरात पडलेल्या ब्लॉकमधे गंजाचे थर. तीन बैठका मी जीव लावून साफ केल्या. चौथी रविवारी संध्याकाळी, गॅरेजमधे दोन डिग्री, बोटं बधिर, टॉर्चची बॅटरी संपत आलेली, म्हटलं झालं असंल. डायल गेजवर चौथा जरा जास्त वर दाखवत होता, त्याला मी एक पातळ सील लावून जुळवून टाकलं. आकडा जुळला की आपण खूष! खाली गंजाचा खडा होता आणि लायनर त्या खड्यावर तिरका बसला होता, हे मला दिसलं नाही, दिसून घ्यायचं पण नव्हतं.

इंजिन गाडीत चढवलं, पाणी भरलं. ह्या गाडीचा रेडिएटर पण मागंच, इंजिनाच्या पाठीमागं, आणि हीटरचे पाइप मात्र खालनं पार पुढपर्यंत, त्यामुळं पाण्यात हवा अडकते ती निघता निघत नाही, अर्धा दिवस गाडी जॅकवर वरखाली करून ब्लीड स्क्रू सोडत बसलो. मग स्टार्टर. चौथ्या प्रयत्नाला चालू झाली. तो आवाज! आजोबांचे डोळे पाणावले होते, धुरानं असंल. वीस मिनिटं चालवली, बंद केली, मी डिपस्टिक काढली. तेलाचं ताक झालेलं. पिवळट पांढरं, फेसाळ, मठ्ठ्यात मिरची टाकायची तेवढी बाकी.

आण्णांना फोन. पहिलाच प्रश्न, 'चौथ्याची बैठक कुणी घासली?' मी कधी सांगितलं नव्हतं की चौथा, पण कार्ट्यानं शेवटचं काम घाईत केलं असणार हे त्यांना चाळीस वर्षांच्या अनुभवानं माहीत. सगळं परत खाली. परत हेड, परत लायनर, नवी सीलं, बेअरिंग धुऊन तपासली. ह्यावेळी आजोबांनी बैठक स्वतः घासली, एका बांबूच्या काडीला पॉलिश पेपर लावून, दीड तास, एक शब्द बोलले नाहीत मला. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर वेबर जुळवणं, आणि ते मला सगळ्यात आवडलेलं काम. दोन कार्ब, प्रत्येकाला दोन तोंडं, म्हणजे चार सिलिंडरला चार. चारही सारखी हवा ओढली पाहिजेत. त्याचं मीटर मिळतं, आजोबांकडं होतं पण, पण ते वापरेनात. हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानात, दुसरं टोक पहिल्या तोंडाशी धरलं. स्सस्स असा आवाज येतो. मग दुसऱ्या तोंडाशी. सूर वेगळा. लिंकेजचा स्क्रू एक आठवा हिस्सा फिरव, परत ऐक. मला आधी चारही सारखेच वाटत होते, तासाभरानं कळायला लागलं की दुसरा जरा बसक्या आवाजाचा आहे, तबला लावताना हातोडी मारत कसं एकेक घर ऐकतात अगदी तसं. जुळलं तेव्हा इंजिनाची थरथर एकदम निवली, बॉनेटवर ठेवलेला चहाचा कप हलायचा थांबला.

बाकीचं पटकन सांगतो. सेफ्टीच्या बाबतीत मात्र जुनं चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. गाडी १९६६ ची पाहिजे पण माणूस आजचा. रोल केज बसवला, कोल्ड ड्रॉन सीमलेस पाइप, ४० व्यासाचा २ जाडीचा, बुडाला प्लेटा, ते सगळं एका फॅब्रिकेटरकडनं. सीट आणि बेल्टला एक्सपायरी डेट असते, औषधासारखी, आजोबांना हे अजिबात पटलं नाही, 'माझा १९८२ चा बेल्ट अजून मजबूत आहे' म्हणून ओढून दाखवला आणि शिवण उसवली, विषय संपला. आग विझवायची सिस्टिम, बाहेरनं ओढायचा कट-ऑफ, त्याला निळ्या त्रिकोणात लाल विजेचं चिन्ह. धडकेत मान सांभाळणारा हान्स. माझं लायसन, मेडिकल. हे सगळं पैशाचं आणि कागदाचं काम.

तपासणीचा दिवस. तपासणारे पन्नाशीतले, शांत, हातात आमची फाइल. मी बोअर-स्ट्रोकच्या पानाला लायनर बसवण्याआधीचे, व्हर्निअर लावलेले फोटो जोडले होते, आकडा स्पष्ट दिसेल असे, जणू दहावीच्या जर्नलचं सबमिशन. त्यांनी ते पान बघितलं, पुढचं उलटलं. इंजिन उघडायला सांगितलंच नाही! आजोबांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत सगळं होतं. मी जमिनीकडं बघत राहिलो. अडलं ते भलतीकडंच, मागच्या चाकांची रुंदी कागदापेक्षा जास्त निघाली, ती चाकं मी मोजलीच नव्हती, कारण ती मला जुनी दिसत होती. चाकं बदलली, दुसऱ्या खेपेला झालं. काही आठवड्यांनी पासपोर्ट आला.

जूनमधे शारादला टेस्टचा दिवस मिळाला. मूळ सर्किट आठ किलोमीटरचं होतं, डोंगराला वळसा घालून, रस्त्याच्या कडेला ज्वालामुखीचे धारदार खडे, १९७२ च्या ग्राँ प्रीत पुढच्या गाडीनं उडवलेला एक खडा हेल्मुट मार्को ह्या ड्रायव्हरच्या डोळ्यात गेला आणि त्याची रेसिंग तिथंच संपली. आता जवळपास चार किलोमीटर उरलंय, पण चढउतार तेच आणि समोर पुय द दोम डोंगर. आधी आवाज मोजला, पास. गाडी लाइनला लावली तर बाजूच्या पोर्शवाला पळत आला, तुमची मागची डिकी उघडी राहिलीय! आजोबा इतके खूष झाले की बास. ह्या गाड्या पहिल्यापासनं तशाच पळवतात, इंजिनाचं झाकण थोडं उचलून अडकवायचं, गरम हवा बाहेर जायला. त्याला अर्धा तास समजावून सांगितलं, पट्ट्यांसकट.

आधी पाच लॅप त्यांनी मारले, मग मी. मला त्यांनी एकच सांगितलं होतं, उताराच्या वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडू नकोस. पहिल्या लॅपला सगळं छान, स्टीअरिंग लोण्यासारखं, पुढं वजनच नाही. हे इंजिन पाच हजाराच्या खाली झोपलेलं असतं, वर गेलं की कुणीतरी दार उघडल्यासारखं होतं, साडेसहा हजारावर ताकद आहे, त्यामुळं सारखा गिअर, सारखा गिअर. दुसऱ्या लॅपला उतारावर एक डावं वळण जरा जास्तच वेगात आलं आणि मी नेमकं तेच केलं, पाय उचलला. ऊस भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला कशी मागनं ढकलते, ज्यानं बघितलंय त्याला कळंल. मागचं सगळं वजन पुढं यायला निघतं, मागची चाकं खालनं आत दुमडतात, स्विंग एक्सल आहे, आणि गाडीचा मागचा भाग उठून बाजूनं पुढं जायला बघतो. खिडकीतनं मला मी कुठनं आलो तो रस्ता दिसला. हात आपोआप उलटे फिरले, पाय परत खाली गेला, कसा ते मला माहीत नाही, गाडी दोनदा शेपूट हलवून सरळ झाली. उरलेला लॅप मी पेठेत रिक्षा चालवल्यासारखा मारला.

पिटमधे आलो, हेल्मेट काढलं, आजोबांनी स्टॉपवॉच दाखवलं. मागच्या वर्षी चौदाशेच्या इंजिनावर इथंच एका ओपन डेला त्यांनी वेळ लावली होती. आज त्यांचाच सगळ्यात चांगला लॅप त्यापेक्षा चार सेकंदांनी जास्त. माझा तर विचारूच नका.

'चार सेकंद गेले,' मी म्हटलं.
'हं,' म्हणाले, आणि बोटाला थुंकी लावून पांढऱ्या पट्ट्यावर बसलेलं एक चिलट पुसायला लागले.

रात्री आण्णांना व्हिडिओ पाठवला. त्यांचा मेसेज आला, पोरा डिकी लाव.

पहिली रेस सप्टेंबरमधे आहे. चौदाशेचं ते रेनो ५ चं इंजिन परवा आम्ही दोघांनी मिळून तळघरात उतरवलं, आजोबांनी त्याला तेल लावलं, तीच घोंगडी टाकली, रॉकर बिस्किटाच्या डब्यात ठेवले आणि वर सफरचंदांच्या रिकाम्या क्रेट रचल्या.